खुर्चीतून उठताना

स्वीडनच्या उत्तर भागात उमेओ नावाचे शहर आहे. तिथल्या संशोधकांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटेसे टिपण छापले. वृद्धांसाठीच्या निवासांत राहणाऱ्या ५८ जणांबरोबर ते चालले आणि चालता चालता त्यांनी सहज गप्पा सुरू केल्या. चाचणी एवढीच. बहुतेक जण बोलत बोलत चालत राहिले. १२ जण मात्र उत्तर द्यायला थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले.

हे टिपण पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचा व्हरांडा आला. आठवड्यातून तीन सकाळी मी पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात व्यायाम घेते. तिथे ‘आजी, चहा झाला का?’ असे मागून विचारले की काही जणी चालता चालताच मान हलवतात. काही जणी मात्र आधी थांबतात, कठडा धरतात, मग वळून म्हणतात, ‘काय म्हणालीस?’ कितीतरी दिवस मी ते कमी ऐकू येण्याचे लक्षण समजत होते. आता मी मागून हाक मारत नाही. पुढे जाऊन, त्यांना दिसेन अशी उभी राहते.

धडधाकट माणूस चालतो तेव्हा चालण्याकडे त्याचे लक्ष नसते. फोनवर बोलत तो जिना उतरतो, खिशातली किल्ली चाचपत रस्ता ओलांडतो. तोल सांभाळणारा मेंदू तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरांवर विसंबून असतो: डोळे, आतल्या कानातली तोलाची यंत्रणा आणि तळपाय, घोटे, गुडघे यांमधल्या संवेदना. वय वाढते तशी तिन्हीकडची खबर पुसट होत जाते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, मधुमेहाने तळवे बधिर होतात, कानातली यंत्रणा मंदावते. मग पूर्वी जे आपोआप होत असे ते लक्ष देऊन करावे लागते. पाऊल टाकणे हेच एक काम होऊन बसते. अशा वेळी कोणी प्रश्न विचारला तर दोन कामांतले एक थांबवावेच लागते. जे थांबतात ते खरे तर शहाणपणाच करत असतात. पण तोल टिकवायला त्यांचे लक्ष किती खर्च होते, हे त्या थांबण्यातून उघड होते.

म्हणून मी घेते त्या व्यायामाला अगदी सरळ अर्थाने शरीर-मनाचा व्यायाम म्हणते. हालचाल करताना लक्ष त्या हालचालीवर ठेवायचे, श्वास तिच्याशी जुळवायचा आणि सगळे सावकाश करायचे. खुर्चीवरचा योग, बसून केलेली ताई ची (संथ चिनी व्यायामपद्धती), ओवीच्या ठेक्यावर हलणारे हात हे सगळे याच कुळातले.

या व्यायामाची खरी गरज असते ती थकलेल्यांना. आपण ‘आई आता थकली’ असे म्हणतो, तेव्हा ती आज दमली असे म्हणायचे नसते. तिच्यातले काहीतरी कायमचे उतरणीला लागले आहे, हे त्या एका शब्दात आपण सांगून टाकतो. आजार म्हणावा तर नाव नाही, आणि नुसते म्हातारपण म्हणावे तर शेजारच्या तेवढ्याच वयाच्या बाई रोज मंडईत जाऊन येतात. वैद्यकशास्त्रात या थकण्याची मोजता येईल अशी व्याख्या रुळली ती २००१ साली, अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. त्यांनी पाच खुणा सांगितल्या. वर्षभरात कारण नसताना साडेचार किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचालच कमी होणे. यांतल्या तीन किंवा जास्त खुणा दिसल्या तर माणूस थकलेला म्हणायचा. एक-दोन असतील तर तो उंबरठ्यावर आहे. या पाचही खुणा एकमेकींना ओढत नेतात. ताकद कमी म्हणून चालणे कमी, चालणे कमी म्हणून भूक कमी, भूक कमी म्हणून वजन उतरते, आणि वजनाबरोबर उरलेली ताकदही जाते. या चक्राला हात घालायला सर्वांत सोपी जागा हालचालीची आहे. बाकीच्या चार खुणांना आपल्याला असा थेट हात लावता येत नाही.

आणि नेमकी हालचालच आपण प्रेमापोटी थांबवतो.

‘बसा, पडाल.’ वृद्धाश्रमात दिवसातून सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य हेच असावे. मावशी म्हणतात, मुलगा फोनवर म्हणतो, भेटायला आलेली सून म्हणते. त्यात काळजी असते, हे मी नाकारत नाही. एका मावशीकडे दहा-बारा जण असतात, त्यातल्या कोणाचे हाड मोडले तर पहिला जाब तिलाच विचारला जातो. शिवाय आजींना हाताला धरून उठवायला वीस सेकंद पुरतात, त्यांचे त्यांना उठू द्यायचे तर दोन मिनिटे थांबावे लागते. म्हणून चहा खाटेवर येतो, ताट खाटेवर येते, औषधे खाटेवर येतात. कोणी वाईट वागलेले नसते. पण महिनाभरात आजी खाटेवरच्या होऊन जातात.

स्नायू किती लवकर जातात याची आपल्याला कल्पना नसते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले. आजारी नव्हते कोणी, खाणेपिणे ठरवून दिलेले होते. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले स्नायू जवळपास एक किलोने घटले. ही स्थिती निरोगी माणसांची. न्यूमोनियातून उठलेल्या ८५ वर्षांच्या बाईंचा विचार करा.

स्नायूंच्या जोडीला भीती येते. एकदा पडलेला माणूस पडण्याला भितो, भितो म्हणून कमी चालतो, कमी चालतो म्हणून पाय आणखी लटपटतात. भीतीने माणूस आखडतो, नजर जमिनीला खिळते, पावले घासत पडू लागतात, आणि घासणारे पाऊलच गालिच्याच्या कडेला अडकते. अमेरिकेतील डॉक्टर मेरी टिनेटी यांनी १९९० साली या भीतीला मोजण्याची प्रश्नावलीच तयार केली. त्यात ‘तुम्हाला भीती वाटते का’ असे विचारलेले नाही. आंघोळ करताना, कपाटातली वस्तू काढताना, खुर्चीत बसता-उठताना आपण पडणार नाही याची तुम्हाला किती खात्री आहे, असे विचारले आहे. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. भीती घालवा म्हणून कोणाची जात नाही, पण खात्री थोडी थोडी वाढवता येते.

नव्वदीत वाढते का पण? वाढते. बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने या डॉक्टरांनी १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा निवासी वृद्धांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पावणेतीन पट. चार वर्षांनी त्यांनीच शंभर जणांवर, सरासरी ८७ वर्षे वयाच्या, दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढणे सुधारले. ज्यांना व्यायामाशिवाय नुसते पौष्टिक पेय दिले त्यांच्यात असा काही फरक पडला नाही. भेटायला येताना डबा भरून डिंकाचे लाडू आणणाऱ्या लेकींना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. लाडू आणाच, पण लाडू खाऊन आजींनी चार वेळा उठले-बसले पाहिजे.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करायला हवी. फियातारोने यांच्या प्रयोगातला व्यायाम हलका नव्हता. यंत्रावर, देखरेखीखाली, झेपेल त्यातले बरेच जड वजन त्या माणसांनी उचलले होते. आपल्याकडच्या वृद्धाश्रमांत व्यायामाच्या नावाखाली पुष्कळदा होते ते टाळ्या वाजवणे, बोटे मोडणे आणि हसणे. हे करायला माझा विरोध नाही, माणसे त्यासाठी एकत्र येतात. पण तेवढ्याने मांडीत ताकद येत नाही. सौम्य व्यायाम करण्याची पद्धत सौम्य असते, स्नायूला मात्र त्यात थोडे तरी कामाला लागावेच लागते.

ते काम सगळ्यांत स्वस्तात देणारी वस्तू म्हणजे खुर्ची. तिला योगाच्या दालनात मानाने आणून बसवले ते पुण्याने. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले. लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने पोखरलेले त्यांचे शरीर होते. आसन शरीराला जमत नसेल तर शरीराला दोष न देता आसनाला टेकू द्यावा, ही दृष्टी त्यांनी आयुष्यभर वापरली. खुर्ची, पट्टा, लोड, लाकडी ठोकळा, भिंतीतली दोरी ही त्यांच्या शिकवण्यातली रोजची साधने. १९७५ साली पुण्यात त्यांच्या पत्नीच्या नावाने संस्था उभी राहिली, आणि तिथे शिकलेल्यांनी ही साधने जगभर नेली. २०१४ साली ९५व्या वर्षी ते गेले. आज खुर्चीवरचा योग म्हणून जगभर जे जे चालते, ते सगळेच त्यांचे नाही. पण ज्याला जमिनीवर बसता येत नाही तोही योग करू शकतो, ही गोष्ट सर्वसामान्यांच्या गळी उतरली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

खुर्ची निवडताना घाई करू नये. गुळगुळीत फरशीवर प्लास्टिकची खुर्ची कधीच वापरू नका, उठताना जोर लावला की ती मागे सटकते. लाकडी किंवा लोखंडी, चार पायांची, हात असलेली आणि पाठीमागे भिंत असलेली खुर्ची हवी. बसल्यावर तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. आपल्या आज्यांची उंची बेताची, पाय लोंबकळत राहतात. त्यांच्या पायांखाली मी जेवणाचा पाट देते, आणि उभे राहायच्या आधी आठवणीने काढून घेते. मोजे आणि सपाता नकोत, अनवाणी पायाला जमीन कळते. साडीचा घोळ वर खोचून घ्यायचा. वेळ नाश्त्यानंतर तासाभराची, पोट ना भरलेले ना रिकामे.

सुरुवात घोट्यांपासून. टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, वीस वेळा. हे दिसायला बिनमहत्त्वाचे, पण पोटरीचे स्नायू आवळले की पायांत साठलेले रक्त वर चढते. वृद्धांमध्ये झोपून किंवा बराच वेळ बसून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरण्याचे प्रमाण मोठे असते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टर त्याला दोष मानतात. डोळ्यांपुढे अंधारी येऊन होणारे पुष्कळ अपघात इथले असतात. पहाटे खाटेच्या कडेला बसून वीस वेळा घोटे हलवल्याशिवाय उठायचे नाही, एवढी एक सवय लागली तरी माझे निम्मे समाधान होते.

मग जाते फिरवणे. बिहार योग परंपरेत चक्कीचालनासन नावाची क्रिया आहे, ती आम्ही खुर्चीवर करतो. दोन्ही हातांनी खुंटा धरला आहे असे समजून पुढे झुकत हात गोल फिरवायचे. ज्यांचे विस्मरण वाढले आहे अशा एक आजी आहेत. माझे नाव त्यांना कधी आठवत नाही, ‘उजवा हात वर करा’ म्हटले तर त्या हातांकडे बघत राहतात. पण ‘आजी, दळायचं आहे’ म्हटले की उजवी मूठ खुंट्यावर बसावी तशी बरोबर वळते, डावा हात मधूनच वैरणीची मूठ टाकतो, पाठ लयीत पुढे-मागे होते. ते कोणी त्यांना शिकवलेले नाही, साठ-सत्तर वर्षांपूर्वी ते अंगात मुरले आहे. नावे-तारखांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती मेंदू वेगवेगळ्या वाटांनी सांभाळतो. पहिली वाट खचली तरी दुसरी बऱ्याचदा पुष्कळ काळ शाबूत राहते. ताक घुसळणे, पाखडणे, मोट हाकणे, चरकाचे चाक फिरवणे अशा हालचाली मी प्रत्येकाच्या जुन्या कामातून शोधून घेते. शिंपीकाम केलेले एक आजोबा आहेत, त्यांच्या घोट्यांचा व्यायाम शिवणयंत्राच्या पायट्यावर होतो.

लय ही फक्त मन रमवायची गोष्ट नाही. जिनिव्हात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६५ वर्षांवरील १३४ जणांना सहा महिने पियानोच्या तालावर चालायला, ताल बदलला की चाल बदलायला शिकवले. एमिल जाक-दालक्रोझ या स्विस संगीतज्ञाची ही पद्धत. त्या गटात पडण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी घटले. ती माणसे आपापल्या घरी राहणारी होती, तेव्हा हा आकडा वृद्धाश्रमाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण उमेओच्या चाचणीत ज्या गोष्टीची उणीव दिसली, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे, तिचाच सराव या तालात होतो. ज्यांनी वारीत टाळ धरून पावली खेळली आहे त्यांना हे नव्याने समजवावे लागत नाही.

आता उठणे. सगळ्या व्यायामांत मी या एकावर सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण जो आपला आपण खुर्चीतून उठतो तो संडासाला आपला आपण जाऊ शकतो. वृद्धाश्रमात माणसाची लाज आणि मान यांचा सगळा हिशोब त्या एका गोष्टीशी येऊन थांबतो.

आधी बूड पुढे सरकवायचे, खुर्चीच्या निम्म्यापर्यंत. एकदम जमत नाही, एका बाजूने थोडे, दुसऱ्या बाजूने थोडे, असे ‘चालत’ यायचे. पाय मागे घ्यायचे, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. इथेच बहुतेकांचे चुकते, पाय पुढे ठेवून ते वर उठायला बघतात आणि मागे कोसळतात. हात खुर्चीच्या हातांवर. मग पाठ न वाकवता, कमरेतून पुढे झुकायचे, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईपर्यंत. घाबरलेला माणूस इथे अडतो, कारण पुढे झुकणे म्हणजे पडणे असे त्याला वाटते. मी समोर खुर्ची घेऊन बसते आणि तळहात उघडे करून पुढे धरते. धरत नाही, नुसते धरायला तयार असते. श्वास सोडत उठायचे. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो आणि मग घसरतो, म्हणून ‘हरी’ किंवा ‘राम’ म्हणत उठायला सांगते, बोलणाऱ्याचा श्वास कोंडत नाही. उभे राहिल्यावर थांबायचे. तळव्यांत वजन कुठे आहे? टाचेत की चवड्यात? डावीकडे जास्त की उजवीकडे? हे विचारते आणि उत्तराची वाट बघते. कित्येकांना पहिल्या दिवशी सांगताच येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी एखादे आजोबा सांगतात, ‘डाव्या टाचेत जास्त आहे हो आज.’ पायांकडून येणारी खबर पुन्हा वाचली जाऊ लागली, याचा तो पुरावा.

आणि मग बसणे. लोक उठण्याला व्यायाम समजतात आणि बसताना स्वतःला सोडून देतात, धप्पकन. ठिसूळ मणक्यांना तो आदळा सोसत नाही. उलट शरीराला रोखत रोखत खाली आणताना मांडीच्या स्नायूंना जे काम पडते ते फार उपयोगी असते. पोटऱ्यांना खुर्ची लागली की हात मागे नेऊन खुर्चीचे हात धरायचे, आणि चार अंक मोजत खाली यायचे. पहिल्या दिवशी दोन वेळा पुरे. आठवड्याला एकेक वाढवत पाच, मग विश्रांती घेऊन पुन्हा पाच. व्यायामाच्या मधे एक अख्खे वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे, ते जमेनासे झाले की थांबायचे.

ज्यांना उभे राहता येते त्यांना खुर्चीची पाठ धरून वजन या पायावरून त्या पायावर नेणे शिकवते. ताई चीचा गाभा तोच आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात स्टीव्हन वुल्फ यांनी १९९६ साली सत्तरीपुढच्या २०० जणांवरच्या प्रयोगात दाखवले की १५ आठवडे ताई ची शिकलेल्यांमध्ये वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला. हा आकडा आशा लावणारा आहे. पण त्याच वुल्फ यांनी पुढे थकत चाललेल्या ३११ वृद्धांवर, वृद्धांच्या वसाहतींमध्ये, ४८ आठवड्यांचा प्रयोग केला. २००३ सालच्या त्या निष्कर्षांत पडणे कमी झालेले दिसले, तरी तो फरक योगायोगाने पडला नसेल असे ठामपणे म्हणता आले नाही. पुढे जगभरच्या प्रयोगांचे एकत्र विश्लेषण झाले. त्यातही घरी राहणाऱ्या वृद्धांना व्यायामाचा लाभ स्पष्ट दिसतो, पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते. निवासी संस्थांतल्या वृद्धांबाबत मात्र चित्र धूसर आहे. याचे एक कारण मला रोज दिसते. जो नव्याने चालू लागतो त्याला पडण्याची संधीही नव्याने मिळते. खाटेवरचा माणूस पडत नाही, पण म्हणून तो सुरक्षित आहे असे मी म्हणणार नाही.

मनाच्या बाबतीतही जपून बोलायला हवे. इंग्लंडमध्ये ७८ वृद्धनिवासांत, ८९१ जणांवर, आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटांचा सामूहिक व्यायाम वर्षभर चालवून पाहिला. २०१३ साली निष्कर्ष आले, आणि नैराश्यात फरक पडलेला नव्हता. ज्या माणसाचे घर, जोडीदार आणि अंगण एकाच वर्षात गेले त्याचे दुःख खांदे फिरवून जाईल अशी अपेक्षाच आपण ठेवू नये. त्याच्याकडे डॉक्टरने बघायला हवे आणि कोणीतरी त्याच्याशी बोलायला हवे. दुसरीकडे, तैवानमध्ये व्हीलचेअरवरच्या ६० वृद्धांना २६ आठवडे बसून ताई ची शिकवली तेव्हा त्यांची उदासी कमी झाली. आपल्याकडे बंगळुरूच्या मंजुनाथ आणि शर्ली टेलेस यांनी एका वृद्धाश्रमातल्या ६९ जणांचे तीन गट केले, एकाला योग, एकाला आयुर्वेदिक औषध आणि एकाला काहीच नाही. सहा महिन्यांनी योगगटातली माणसे आधीपेक्षा साधारण दहा मिनिटे लवकर झोपी जात होती आणि तासभर जास्त झोपत होती. ही झोप यंत्राने मोजलेली नव्हती, त्यांनीच सांगितलेली होती. पण रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेल्या माणसाला विचारा, तासभर झोप म्हणजे काय.

झोपण्यापूर्वीचा श्वास हा आमच्याकडचा सर्वांत आवडता भाग. नाक दाबायचे नाही, श्वास धरायचा नाही, नुसते नाम सावकाश म्हणायचे आणि म्हणता म्हणता श्वास सोडायचा. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर पाहिले की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना असो की ‘ओम मणि पद्मे हुम्’, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. त्या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा जास्त तत्पर होते. ज्यांची माळ सत्तर वर्षे चालू आहे त्यांना मी श्वसन शिकवायला जात नाही. फक्त घाईने मणी ओढू नका, एवढे सांगते.

काही गोष्टी मी करू देत नाही. पुढे वाकून पायाचे अंगठे धरणे ही त्यांतली पहिली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ साली ठिसूळ मणक्यांच्या ५९ स्त्रियांची पाहणी छापली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या मणक्यांत नवे तडे दिसले, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के. गट लहान होते, तरी एवढे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. टीव्हीवर बघून वाकणाऱ्या आजी-आजोबांना कोणीतरी हे सांगायला हवे. जोरजोराची कपालभाती उच्च रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांना नको. काचबिंदू असेल तर डोके खाली जाईल असे काही नको. मान गोल फिरवायची नाही, डावीकडे आणि उजवीकडे बघायचे, बस. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल झुकणे आणि पायावर पाय टाकणे वर्ज्य. छातीत दुखले, धाप लागली, बोलणे अडखळले तर व्यायाम तिथेच थांबतो आणि डॉक्टरांना फोन जातो.

मावशींना बरोबर घेतल्याशिवाय यातले काहीही टिकत नाही. माझे तीन तास आठवड्याचे, बाकीचे सगळे त्यांचे. त्यांना मी वेगळा व्यायाम घ्यायला सांगत नाही. जेवायला बसवताना, संडासाला नेताना, गादी झटकताना आजी जेवढ्या वेळा उठतात तेवढ्या वेळा दोन मिनिटे थांबा, एवढीच विनंती असते. दिवसात असे सहा-सात प्रसंग येतात. एका मावशींनी आपणहून ‘बसा, पडाल’ऐवजी ‘थांबा, मी आले, मग उठा’ म्हणायला सुरुवात केली. त्या खोलीतल्या चार जणींपैकी तीन जणी आता जेवायला ओट्यापर्यंत येतात.

रविवारी भेटायला येणाऱ्यांसाठीही काम आहे. खाटेच्या कडेवर शेजारी बसू नका, समोर खुर्ची घेऊन बसा. आईचे तळवे जमिनीला टेकले आहेत का बघा. टाचा मागे घेतल्या आहेत का बघा. आपले हात उलटे करून पुढे धरा आणि तिने धरायची वाट बघा, काखेत हात घालून उचलू नका. ती उठली की लगेच बोलायला लागू नका, तिला आधी तळव्यांवर उभी राहू द्या. मग बसताना तिच्याबरोबर मोठ्याने मोजा. एक, दोन, तीन, चार. चार म्हणाल तेव्हाच बूड टेकायला हवे, त्याआधी नाही.